अठरा फुटांवरचं लाकूड

मी जमीन तपासणारा इंजिनीअर. शिकलो मुंबईत, गेली काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत बोअरहोल मारतोय. त्या दिवशी मशीन लावलं होतं बँकांच्या उंच इमारतींमधल्या एका गल्लीत. वरचा भराव नेहमीचाच: वाळू, विटांचे तुकडे, काच. अठरा फुटांवर मातीचा नमुना काढणारी नळी अडली. ड्रिलरने ती वर काढून उघडली आणि एकच शब्द उच्चारला, "लाकूड."

काम बंद! साइटवर पुरातत्त्वाच्या बाई होत्याच, त्या धावत आल्या. आमच्या सगळ्यांच्या मनात एकच: जहाज.

कारण या भागात जहाजं खरोखर पुरलेली आहेत. २४ जानेवारी १८४८ला कॅलिफोर्नियातल्याच कोलोमाला नदीकाठी सोनं सापडलं, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को हे हजारेक वस्तीचं गाव होतं. १८४९ संपेपर्यंत वस्ती पंचवीस हजारांच्या घरात गेली. आलेले खलाशी जहाज नांगरायचे आणि थेट खाणींकडे पळायचे. शेकडो रिकामी जहाजं बंदरात कुजत राहिली. कुणाचं गोदाम झालं, एकाचा तर तुरुंग. त्याहून भारी म्हणजे खाडीतले, पाण्याखालचे प्लॉट विकले गेले, आणि काहींनी ताबा दाखवायला त्यावर चक्क जहाज बुडवलं! मग वाळूच्या टेकड्या तोडून खाडी बुजवली. तेव्हाचा किनारा म्हणजे आजचा माँटगोमेरी स्ट्रीट; आम्ही त्याच्या पूर्वेला, म्हणजे समुद्रातच उभे होतो. १८५१च्या आगीत जळालेल्या 'नायँटिक' जहाजाचा सांगाडा १९७८मध्ये पाया खणताना निघाला. 'रोम' नावाच्या जहाजातून तर आज मेट्रोचा बोगदा जातो.

बाईंनी नळीतला तुकडा ओल्या फडक्याने पुसला. काळा, हाताच्या लांबीचा, खाऱ्या चिखलाचा उग्र वास. त्यांनी तो उभा धरला, भिंगातून पाहिला आणि मान हलवली. लाकडाच्या रेषा नळीच्या लांबीने वरून खाली सरळ गेलेल्या. "जहाजाची फळी असती तर रेषा आडव्या दिसल्या असत्या. हा उभा खांब आहे, कुठल्यातरी जुन्या धक्क्याचा."

ड्रिलरचा चेहरा पडला. माझाही पडलाच असणार. बाई मात्र खूश! धक्क्याचा खांब म्हणजे त्यांना जहाजाइतकाच मोलाचा. त्यांनी फोटो काढले, तुकडा ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत भरला.

लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदीत, मी लिहिलं: १८ फूट, लाकूड, रेषा उभ्या. मग मशीन चार फूट सरकवलं. त्याच्या खाली नुसताच खाडीचा मऊ चिखल लागला, बराच खोलपर्यंत.