नव्वदाचे शंभर

थकबाकीच्या यादीत त्या ताईंचं नाव तिसऱ्यांदा आलं. भाजीची हातगाडी, पतसंस्थेच्या जुन्या सभासद, आधीची दोन कर्जं वेळेत फेडलेली. नोटीस टपालात टाकवेना, म्हणून मीच घेऊन गेले.

"मॅडम, तुमचे पैसे बुडवणार नाही," म्हणत त्यांनी पोत्याखालून वही काढली. पानभर रोजची एकेक रेघ. एका खासगी सावकाराकडून पैसे उचललेले. बोलीच्या दर १०० रुपयांमागे हातात ९०, दहा आधीच कापलेले. फेड रोज एक, १०० दिवस. त्यांच्या लेखी हे दहा टक्के व्याज, म्हणजे आमच्यापेक्षा स्वस्त.

वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. ते ९० तुमच्याकडे राहतच नाहीत, दुसऱ्या दिवसापासून परत जायला लागतात. सरासरी धरली तर जेमतेम ४५ वापरायला मिळतात आणि त्यावर दहा जातात, तेही शंभर दिवसांत. वर्षाचा दर ७५ टक्क्यांच्या वर! आमचं व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. ताई कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

मग त्याचे पैसे दिलेत, आमचे का नाही?

"तो रोज संध्याकाळी येतो. तेव्हा हातात पैसे असतात. तुमचे महिन्याच्या दहा तारखेला एकदम लागतात. तोवर राहतात कुठे?"

आधीची कर्जं नवऱ्याच्या पगारातून फिटली होती. ती नोकरी आता गेली होती. अर्जावर 'उत्पन्न: मासिक' हे माझ्याच अक्षरात होतं. मी विचारलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी कर्ज समितीची बैठक होती. ताईंना नवं कर्ज द्यावं, असं मी सुचवलं. थकबाकीदाराला पुन्हा कर्ज कसं द्यायचं, हा प्रश्न रास्तच होता. पैसे इतर सभासदांच्या ठेवींचे असतात. मी वही टेबलावर ठेवली. ६१ दिवस, एकही खाडा नाही. एका ज्येष्ठ संचालकांनी रायफायझेन यांची आठवण काढली. जर्मनीत १८६४ साली हेड्डेसडॉर्फला त्यांनी पतसंस्था उभी केली ती सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांसाठीच, एकमेकांना ओळखणाऱ्या सभासदांच्या भरवशावर. "ही वही म्हणजे ओळखच आहे," ते म्हणाले.

सावकाराचे उरलेले ३९ दिवसांचे हप्ते भागवायचे, दोन्ही कर्जं एकत्र करायची आणि हप्ता आठवड्याचा, असं ठरलं. नोटीस मी फाइलला लावली नाही.

पहिल्या हप्त्याला ताई सगळी चिल्लरच घेऊन आल्या. मोजून झाल्यावर पासबुकात नोंद केली, तर त्यांनी तीच जुनी वही पुढे केली. "यातही एक रेघ मारा."