दुकानातले तीन पाय
केज तालुक्यातल्या आमच्या गावात माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या मेव्हण्यानं वापरून झालेले तीन रास्पबेरी पाय थ्री बोर्ड, म्हणजे एकाच पट्टीवरचे छोटे संगणक, आणून टेबलावर ठेवले. "दाजी, रविवारी पोरांना शिकवा यावर." पत्त्याच्या कॅटाएवढा बोर्ड. पोरांनी पहिल्याच दिवशी 'पाय' शब्दाचं व्हायचं ते केलं. "माझा पाय सोड, तुझा घे!"

मॉनिटर नव्हता, पण माझ्याकडे डब्बा टीव्हींची काय कमी? या बोर्डाच्या हेडफोनच्या भोकातून जुन्या पद्धतीचं चित्रही बाहेर पडतं. जुन्या कॅमेऱ्याची तीन पिनांची वायर लावली, पिवळी पिन पिवळ्या खाचेत घातली. पडदा काळाच. दोन तास बोर्डावर संशय घेतला. शेवटी वैतागून लाल पिन पिवळ्या खाचेत खुपसली आणि चित्र आलं! त्या वायरीतली जोडणीच वेगळी होती. अक्षरं पुसट दिसायची, मग ती मोठी केली.

केंब्रिजला संगणकशास्त्र शिकायला येणारी पोरं कमी झाली, त्यांची तयारीही घटली, म्हणून तिथं शिकवणाऱ्या एबन अप्टन आणि त्याच्या सोबत्यांनी हा बोर्ड काढला. 2012 च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती 35 डॉलरला बाजारात आली. आमच्याकडची अडचण निराळीच. चालू बोर्डाची लाईट गेली की त्याचं सगळं ज्यावर साठवलेलं असतं ते मेमरी कार्ड खराब व्हायचं. पहिल्या महिन्यात चार कार्डं गेली. "काका, लाईट गेली की हे मरायलंय," असं सातवीतली एक मुलगी म्हणाली. पॉवर बँक लावली तर पडद्यावर विजेचं चिन्ह चमकायला लागलं, म्हणजे करंट पुरत नव्हता. अडीच अँपिअर देणारी मिळाली तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. बोर्ड तीन आणि पोरं सात, म्हणून प्रत्येकाला आपापलं कार्ड दिलं.

स्क्रॅच या पोरांच्या प्रोग्रॅमिंगमधली मांजर नाचवून झाल्यावर त्याच मुलीनं विचारलं, "आखाड्यावर लाईट आली की ह्यानं वरडावं, असं करता येतं का?" आखाडा म्हणजे त्यांचा शेतातला गोठा-कोठा. तिथल्या पाण्याच्या मोटारीला ऑटो आहे, लाईट आली की ती आपोआप सुरू होते, पण पाइप बदलायला बापाला रात्री उठावंच लागतं. लाईट कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून तो नीट झोपतच नाही.

युक्ती सोपी होती. आखाड्यावरच्या प्लगला मोबाईलचा जुना चार्जर लावायचा, त्याची वायर बोर्डाच्या पिनेला जोडायची आणि बोर्ड पॉवर बँकेवर चालवायचा. वीस वर्षं सोल्डरिंग केलेल्या या माणसानं चार्जरचे पाच व्होल्ट थेट पिनेला दिले. त्या पिनेला 3.3 च्या वर चालत नाही. एक बोर्ड गेला. मग एक हजार आणि दोन हजार ओहमचे रेझिस्टर लावून व्होल्ट वाटून घेतले. पोरांसमोर चूक कबूल केली, तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे आता दोनच पाय राहिले."

पुढचं काम पोरीचं. लाईट असेल तर बझर वाजव, असं तिनं लिहिलं. तो वाजायला लागला तो थांबेचना! मी उत्तर सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या बापाला कधी उठायचंय? लाईट असताना की येताना?" ती बराच वेळ गप्प बसली. मग तिनं दोन व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचे नावाचे डबे, केले, 'आधी' आणि 'आता'. ती लिहीत होती त्या पायथन थ्री या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत देवनागरी नावं चालतात, त्यासाठी फॉन्ट आणि मराठी कीबोर्ड टाकायला माझी एक संध्याकाळ गेली होती. आधी नव्हती आणि आता आहे, तरच पाच सेकंद वाजव. बझर वाजला आणि गप्प झाला.

तो आखाड्यावर पंधरा दिवस चालला. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला गेली, त्यांच्यात ती पण. जाताना बोर्ड परत दिला. कार्ड मात्र काडेपेटीत कापूस घालून सोबत नेलं.

चैत्रात ती कार्ड घेऊन आली. बोर्ड सुरू केला, तर कोपऱ्यातलं घड्याळ ती गेली त्या दिवसाची संध्याकाळ दाखवत होतं. पाय थ्रीत घड्याळाचा सेल नसतो, नेट नसलं की तो कार्डावर लिहिलेली शेवटची वेळ धरून चालतो. मी मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू केला आणि घड्याळानं एका दमात पाच महिने ओलांडले. तिनं तोवर आपली फाईल उघडली होती.

"काका, चार्जर कुठंय?"