आमची वाटचाल: मालकाच्या टेबलावरचे निर्णय

आम्ही कारखान्याच्या मालकांना कोचिंग देतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत इथले कारखानदार हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. फौंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीनशॉप जास्त, थोडे पंप आणि व्हॉल्व्हवाले. इथला मालक धातूचा, वाळूचा, मशीनचा पक्का जाणकार. अनेकांच्या घरी धंद्याची सुरुवात उद्यमनगरातल्या एका लेथवर झालेली. कारखाना तीस माणसांचा असेपर्यंत ही जाणकारी पुरते. दीडशे माणसं झाली की प्रत्येक अडलेली गोष्ट त्याच्यापाशी येऊन थांबते. 'मालक आले की बघू' हे वाक्य शॉपवर सारखं कानावर पडत असेल, तर तिथं आमचं काम आहे.

आमची सुरुवात प्रशिक्षणापासून झाली. चाळीस सुपरवायझर, नेतृत्वावर दिवसभराचं सत्र, दुपारी जेवण. अशा सत्राचा उपयोग होतो, पण सुपरवायझरला निर्णयाचा अधिकार देणारा माणूस त्या हॉलमध्ये नसतो. म्हणून काम मालकाकडे, त्याच्या मुलाकडे आणि वर्क्स मॅनेजरकडे सरकत गेलं. आज एकास एक कोचिंग हाच आमचा धंदा आहे.

कोच सल्लागार नसतो; तो उत्तर देत नाही, प्रश्न विचारून माणसाला स्वतःचं उत्तर शोधायला लावतो. ही गोष्ट पहिल्या भेटीतच मिटवून टाकावी लागते. साच्याच्या वाळूत ओलावा वाढून ओतलेल्या भागात ब्लो होल (वाफेची पोकळ भोकं) येत असतील तर फौंड्री सल्लागार बोलवा. पण ओलाव्याची नोंद रोज लिहिली जाते आणि कुणी बघत नाही, किंवा बघणाऱ्याला मोल्डिंग थांबवायची हिंमत होत नाही, हा मालकाच्या वागण्याचा प्रश्न असतो आणि तो कोचिंगचा आहे.

करार तिघांत होतो: पैसे देणारा, कोचिंग घेणारा आणि आम्ही. आपल्याकडे पैसे देणारे बहुधा वडील आणि घेणारा मुलगा. वडिलांना काय कळणार हे आधीच लिहून घेतो. भेटी झाल्या की नाहीत, ठरलेली दोन किंवा तीन उद्दिष्टं कोणती, शेवटी आकडे कुठं आले, एवढंच. आतलं बोलणं नाही. 'पोरगं काय म्हणतंय ते जरा सांगत चला' असा फोन येतोच, आणि त्याला नम्रपणे नाही म्हणणं हा कामाचा भाग आहे. एकदा जरी बातमी बाहेर गेली तरी पुढच्या भेटींत फक्त हवापाण्याच्या गप्पा होतात.

मग मालकाच्या हाताखालच्या सहा ते आठ जणांशी स्वतंत्र बोलतो. छापील फॉर्म देत नाही. छोट्या कारखान्यात अक्षरावरून आणि भाषेवरून माणूस ओळखू येतो. प्रश्न तीनच: साहेबांनी काय सुरू करावं, काय बंद करावं, काय आहे तसं ठेवावं. पहिलं उत्तर 'सगळं बरं हाय की' असंच येतं. खरं उत्तर वीसेक मिनिटांनी, चहा संपल्यावर. निदान तिघांनी सांगितलेला मुद्दाच मालकापुढे ठेवतो, तोही आमच्या शब्दांत.

खरी कमाई पुढच्या पायरीत आहे, आणि ती म्हणजे निर्णयवही. दोन आठवडे मालकापर्यंत आलेला प्रत्येक प्रश्न लिहायचा, फोनवरचा आणि व्हॉट्सॲपवरचासुद्धा. रकाने चार: कुणी विचारलं, काय विचारलं, किती रुपयांचा मामला, आणि दुसरं कोण ठरवू शकलं असतं. चौथा रकाना मालक टाळतात. तो भरल्याशिवाय पुढं जाऊ नये. नंतर वहीचे तीन ढीग पडतात: मीच ठरवणार, तुम्ही ठरवा आणि संध्याकाळी कळवा, तुम्ही ठरवा आणि कळवूही नका. दुसऱ्या-तिसऱ्या ढिगासाठी मर्यादा रुपयांत लिहायची. उदाहरणार्थ, मेंटेनन्स सुपरवायझरला ५,००० रुपयांपर्यंतचा सुटा भाग, वर्क्स मॅनेजरला २५,००० पर्यंत, आणि संशयास्पद लॉट अडवून ठेवायचा पूर्ण अधिकार क्वालिटीवाल्याला, रकमेची अट न घालता.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, मर्यादा तोंडी सांगितली जाते आणि अकाउंटंटला त्याचं पत्र मिळत नाही. तो बिल अडवतो, 'साहेबांची सही आणा' म्हणतो, आणि आठवड्याभरात सगळं मूळपदावर येतं. म्हणून सहीचं पत्र पहिल्यांदा अकाउंट्स आणि स्टोअरला द्यायचं, बाकीच्यांना नंतर. दोन, पहिल्याच महिन्यात कुणाचा तरी निर्णय चुकतो आणि मालक तो चारचौघांत फिरवतो. त्यानंतर कुणीही ठरवत नाही. चुकलेला निर्णय सुरक्षेचा किंवा गिऱ्हाइकाकडे सदोष माल जाण्याचा नसेल तर तो तसाच राहू द्यायचा आणि बोलायचं ते केबिनमध्ये. हे मालकाला सगळ्यात जड जातं. दोन-तीन भेटी यातच जातात.

भेटींचं वेळापत्रक साधं: पंधरा दिवसांनी एक, दीड तासाची, सहा महिन्यांत बारा. भेट त्याच्या केबिनमध्ये घेत नाही, कारण तिथं दर दहा मिनिटांनी दार उघडतं. आम्ही बोलतो कमी. प्रश्न 'कुणी', 'किती', 'कधीपर्यंत' असे असतात. 'का' विचारलं की माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो. उद्दिष्ट, आजची स्थिती, पर्याय, पुढचं पाऊल हा क्रम कोचिंगमध्ये जगभर वापरला जातो, आम्हीही तोच धरतो. शेवटी नोंद मालकच लिहितो, पाच ओळींत. आम्ही लिहून दिली की ती फाइलला लागते.

मधल्या काळात एकदा सकाळची मीटिंग बघायला जातो. वीस मिनिटं, उभ्यानं: कालचं उत्पादन, रिजेक्शन कारणानुसार (ब्लो होल, सॅण्ड ड्रॉप, मिसमॅच, कोल्ड शट असे ओतकामातले दोष), आजचं डिस्पॅच, अडचण. मालकानं शेवटी बोलायचं. त्यानं आधीच 'कुणामुळं झालं?' विचारलं, तर दुसऱ्या दिवसापासून खराब कास्टिंग (ओतलेले भाग) आकड्यात दिसत नाहीत, फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या जागेच्या, कोपऱ्यात दिसतात.

आता पैशाचं बोलू. कोचिंगच्या जाहिरातींत ७८८ टक्के परतावा हा आकडा हमखास असतो. तो २००१ च्या, एकाच मोठ्या कंपनीतल्या अभ्यासाचा आहे आणि फायद्याचे अंदाज भाग घेणाऱ्यांनीच दिलेले होते. आम्ही तो वापरत नाही. त्याऐवजी गिऱ्हाइकाच्या वहीत हिशोब मांडतो. समजा, फौंड्री महिन्याला २०० टन कास्टिंग करते, भाव किलोला ९० रुपये, म्हणजे महिन्याची विक्री १ कोटी ८० लाख. रिजेक्शन ६ वरून ५ टक्क्यांवर आलं तर २ टन वाचले. पण वाचलेले ९० रुपये नव्हेत. खराब कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं, बुडते ती वीज, वाळू, कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) आणि मजुरी. ती किलोला ३५ रुपये धरली तर महिन्याला ७०,०००, वर्षाला ८ लाख ४० हजार. यातलं कोचिंगचं श्रेय किती? मालक म्हणतो ४० टक्के. या अंदाजाची खात्री किती, तर ५० टक्के. दोन्हींचा गुणाकार २० टक्के, म्हणजे १ लाख ६८ हजार. बाकी श्रेय नव्या सॅण्ड प्लान्टचं किंवा नव्या मेल्टरचं असू शकतं.

दुसरी ओळ वसुलीची. येणं ७५ दिवसांवरून ६५ वर आलं तर रोजच्या ६ लाखांच्या विक्रीवर ६० लाख मोकळे होतात. कॅश क्रेडिटचं (बँकेकडच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) व्याज १० टक्के धरलं तर वर्षाला ६ लाख. सूक्ष्म-लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, हा नियम २००६ च्या कायद्यात आहे. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून उशीर करणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. नियम बहुतेकांना माहीत असतो. ऑर्डर जाईल या भीतीनं फोन होत नाही. कोणत्या गिऱ्हाइकाशी, कुणी, कोणत्या शब्दांत बोलायचं याची तयारी भेटीत होते. श्रेय ५० टक्के, खात्री ६० टक्के धरली तर १ लाख ८० हजार.

दोन्ही मिळून ३ लाख ४८ हजार. खर्चात फी १ लाख ८० हजार आणि मालकाच्या वेळेचे ४० हजार, एकूण २ लाख २० हजार. परतावा सुमारे ५८ टक्के. जाहिरातीपुढे हा आकडा लहान दिसतो, पण बँकवाल्यापुढे मांडता येतो. हिशोबाला एकच अट आहे: सुरू करण्याआधीचे सहा महिन्यांचे आकडे हवेत. ते नसतील तर आधी दोन महिने नुसती मोजणी करून घ्या. त्याची फी आम्ही घेत नाही.

काही कामं घेत नाही. भागीदारांचा किंवा भावाभावांचा वाटणीचा वाद असेल तर वकील किंवा मध्यस्थ बघावा. झोप उडालेली, व्यसन, खोल निराशा असेल तर डॉक्टर. मॅनेजरला काढायचं आधीच ठरलेलं आहे आणि 'कोचिंगही देऊन बघितलं' असं कागदावर हवं आहे, तेही नको.

कोच निवडताना एक लक्षात घ्यावं: कोच म्हणवून घ्यायला भारतात परवाना लागत नाही. १९९५ साली स्थापन झालेल्या आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) या कोचच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तीन पायऱ्यांच्या पदव्यांना प्रशिक्षण आणि परीक्षेबरोबर अनुभवाची अट आहे: एसीसीला कोचिंगचे १०० तास, पीसीसीला ५००, एमसीसीला २,५००. ही पाटी असणं चांगलं, पण फौंड्रीची तिसरी शिफ्ट कधी बघितली आहे का, हेही विचारा.

सहा महिने झाले की आम्ही थांबतो. पुढच्या सहा महिन्यांनी निर्णयवही पुन्हा दोन आठवडे लिहायला सांगतो आणि आधीच्या वहीशेजारी ठेवतो. मालकाकडे येणारे प्रश्न पुन्हा वाढले असतील तर दुसरी फेरी मालकाची होत नाही; ती वर्क्स मॅनेजरची होते, कारण वही वाचली की प्रश्न वर ढकलणारा बहुधा तोच निघतो.