लिस्बनची ट्रिप: आम्ही काय बघितलं, काय सोडलं, तुम्ही काय करा

लिस्बनला, म्हणजे पोर्तुगालच्या राजधानीला, चाललोय म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाने एकच विचारलं, अगं एवढा खर्च करून जाताय तर पॅरिस नाहीतर स्वित्झर्लंड करा ना, तिकडे काय आहे. माझा नवरा वसईचा, लहानपण किल्ल्यात क्रिकेट खेळण्यात गेलेलं, त्यामुळे "ज्यांनी तो किल्ला बांधला त्यांचं गाव बघायचंय" हे त्याचं बरीच वर्षं डोक्यात होतं, आणि मला खरं सांगायचं तर कस्टर्ड टार्ट आणि पिवळ्या ट्रामचे फोटो एवढंच माहीत होतं. जाऊन आल्यावर मात्र माझं मत पक्कं झालंय की मुंबई, वसई, कोकण, गोवा इथल्या माणसाने युरोपात एकच शहर बघायचं ठरवलं तर ते हे बघावं. कारण पुढे येईलच.

आधी कोरडी माहिती उरकते. मुंबईहून थेट विमान नाही, दुबई किंवा युरोपातलं एखादं शहर करून जावं लागतं. व्हिसा शेंगेन, फी मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून तारखा ठरल्या की पहिलं ते काम करा, हॉटेल नंतर. हॉटेलवाले शहराचा टॅक्स वेगळा घेतात, माणशी रात्रीला ४ युरो, बुकिंगच्या रकमेत तो बरेचदा नसतो, तेव्हा चेक-इनला मागितला तर फसवतायत असं समजू नका.

राहायचं कुठे? सगळे ब्लॉगवाले अल्फामा सांगतात. अल्फामा सुंदरच आहे, बोळ, वाळत घातलेले कपडे, खिडकीतून गप्पा मारणाऱ्या आज्या, सगळं आहे, पण चढ आणि पायऱ्या इतक्या की बऱ्याच ठिकाणी टॅक्सी दारापर्यंत येतच नाही आणि मग वीस किलोची बॅग उचलून तुम्ही आणि तुमचं नशीब. आम्ही आंजोश भागात राहिलो, मेट्रोच्या हिरव्या लाइनवर, भाडं कमी, आजूबाजूला किराणा, फळवाले, आणि पुढे चालत गेलं की मार्तिम मोनीश, जिथे भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानांची रांगच आहे, पोळ्यांच्या आट्यापासून हिरव्या मिरच्यांपर्यंत सगळं मिळतं. सपाट जागा हवी असेल तर बायशा भाग घ्या, महाग पडेल पण गुडघे वाचतील. विमानतळावरून मेट्रो थेट शहरात येते, टॅक्सीची गरज नाही.

शूजबद्दल एक वेगळा पॅराग्राफ लिहावा असं वाटतंय इतकं ते महत्त्वाचं आहे. फुटपाथ सगळे छोट्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडांचे, नक्षीदार, शंभर वर्षं माणसं चालून गुळगुळीत झालेले, आणि उतारावर पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटावर उतरल्यासारखं होतं. रबरी सोलचे जुने, पायाला सवय झालेले शूज न्या. फोटोसाठी नवीन सँडल वगैरे विसरा.

आता बेलेम. शहराच्या पश्चिमेला नदीकाठचा भाग, जहाजं इथून निघायची. बहुतेक लोक ट्राम १५ने जातात आणि ती खच्चून भरलेली असते, आम्ही काइश दो सोद्रे स्टेशनवरून कश्काइशकडे जाणारी लोकल घेतली, बसायला जागा, खिडकीतून नदी, आणि उगाच धक्काबुक्की नाही. फक्त बेलेमला थांबणारी लोकल आहे ना ते बोर्डवर बघा.

जेरोनिमोस मठासाठी सकाळी उघडायच्या आधी जाऊन उभं राहा, तिकीट ऑनलाइन काढलेलं असलं तरीही. सोमवारी बंद. मठ बांधायला १५०१-०२ च्या सुमारास सुरुवात झाली आणि पैसा आला आपल्याकडच्या व्यापारातून, म्हणजे आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर जो वीसाव्या हिश्शाचा कर होता तो इकडे वळवला होता. हे माहीत असलं की आतल्या खांबांकडे बघण्याची नजरच बदलते. दगडात कोरलेले जहाजाचे दोर, गाठी, पोवळी, पानं, सगळं इतकं बारीक की नवरा एका खांबापुढे उभा राहून हाताने दोराचा पीळ मोजत बसला होता आणि मागे कोरियन ग्रुप फोटोसाठी ताटकळत. तो म्हणाला, वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या दारांवर असंच काहीतरी आहे, आम्ही त्याच्यावर चेंडू मारायचो.

मठाला लागून चर्च आहे. आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, उजवीकडे पोर्तुगीज कवी कामोइंशची. गामा वारला कोचीनला, १५२४ मध्ये, पुढे हाडं पोर्तुगालला आणली आणि इथे ठेवली १८८० मध्ये. कामोइंश काही वर्षं गोव्यात होता. गर्दी कबरीच्या पुढे सेल्फी काढून सरकते, तुम्ही दोन मिनिटं थांबून त्यावरचं कोरीव काम बघा.

पण बेलेममध्ये मला सगळ्यात आवडला तो गेंडा. बेलेमचा बुरुज साधारण १५१४ ते १५२० या काळात बांधला, आणि त्याच्या एका छोट्या टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. गोष्ट अशी की गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने आल्बुकर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला, हा तोच आल्बुकर्क ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला. त्याने तो राजाला पाठवला, गोव्याहून जहाजात बसून गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कोणी गेंडा बघितलाच नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्ती बघूनच पळाला. मग राजाने तो पोपला नजराणा म्हणून धाडला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, बिचारा साखळदंडात होता, गेला. जर्मन चित्रकार ड्यूररचं जगप्रसिद्ध गेंड्याचं चित्र आहे ना, ते याच जनावराचं, आणि ड्यूररने त्याला कधी बघितलंही नव्हतं, दुसऱ्याने पाठवलेल्या वर्णनावरून आणि कच्च्या रेखाटनावरून काढलं. बुरुजावरचं डोकं आता वाऱ्यापाण्याने इतकं झिजलंय की शिंग कुठे ते शोधावं लागतं, लांबून डुकराचं वाटतं. पश्चिमेच्या बाजूला जाऊन वरच्या मनोऱ्याच्या बुडाशी नजर लावा, सापडेल. बुरुज दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद ठेवतात, पण आत नाही गेलात तरी फार बिघडत नाही, अरुंद जिना आणि रांग, बाहेरूनच बघण्याची वस्तू आहे ती.

टार्ट खायला १८३७ पासूनच्या त्या प्रसिद्ध 'पाश्तेइश द बेलेम' दुकानात जा, बाहेरची रांग पार्सलची असते, आत बसायला भरपूर मोठी जागा आहे, टेबल लवकर मिळतं. वरून दालचिनी आणि पिठीसाखर टाकून गरम खायचं. अंडं असतं त्यात, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

दुसरी जागा जी आपल्या लोकांनी अजिबात सोडू नये आणि जिथे आम्हाला एकही भारतीय दिसला नाही, ती म्हणजे साओ व्हिसेंते द फोरा. अल्फामाच्या वरच्या अंगाला पांढरा मोठा मठ. इथे पोर्तुगालच्या ब्रगांझा राजघराण्याच्या कबरी आहेत, आणि त्यात कॅथरीन आहे. कोण कॅथरीन? शाळेत वाचलेलं आठवतंय ना, मुंबई बेटं पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली, १६६१ चा तह, तर ज्या मुलीच्या लग्नात दिली ती ही. नवरा वारल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला परत आली आणि १७०५ मध्ये इथेच गेली. खोलीत भिंतीला लागून संगमरवराच्या साध्या पेट्या, तिची शोधायला थोडा वेळ लागला. मुंबईत रोज लोकलचे धक्के खाणारे आम्ही दोघं तिच्यासमोर उभे, आणि नवरा म्हणतो, हिच्या माहेरच्यांनी वसईपण दिली असती तर आमचं घर साउथ बॉम्बेत मोजलं असतं. (वसई पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा आज मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात दिसतात, वसईकरांना हे सांगावं लागत नाही पण बाकीच्यांसाठी.) त्याच मठात निळ्या टाइल्सवर प्राण्यांच्या नीतिकथांची चित्रं आहेत, आणि गच्चीवरून नदीसकट सगळं अल्फामा दिसतं, सेंट जॉर्ज किल्ल्यापेक्षा इथली गर्दी दहा टक्के पण नसेल. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मागच्या मैदानात जुना बाजार भरतो, आपला चोरबाजारच.

सेंट जॉर्ज किल्ला बघावा का? दृश्य आणि मोर, एवढंच. तिकीट जास्त वाटलं. पैसे वाचवायचे तर संध्याकाळी सेन्योरा दो मोंतेच्या टेकडीवर जा, फुकट आहे, किल्ला पण समोर दिसतो. त्याऐवजी कार्मोचं बिनछपराचं चर्च बघा. १ नोव्हेंबर १७५५ ला, संतांच्या सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या लागलेल्या, तेव्हा भूकंप झाला, मग आग, मग समुद्राची लाट. बायशाचे सरळ रेषेतले रस्ते त्यानंतर मार्केश द पोंबाल या मंत्र्याने नव्याने बांधून घेतले. कार्मोच्या कमानी मात्र तशाच आभाळाकडे उघड्या ठेवल्यात. तिथूनच मागच्या बाजूने सांता जुस्ता लिफ्टच्या पुलापाशी चालत जाता येतं, खाली तासभर रांग लावायची गरज नाही.

ट्राम २८. बसायचीच असेल तर सकाळी लवकर, मार्तिम मोनीशच्या पहिल्या स्टॉपवरून, आणि खिसे पुढे, बॅग छातीवर. आमच्या डोळ्यांसमोर एका बाईचं पाकीट गेलं आणि तिला पुढच्या स्टॉपपर्यंत कळलंही नाही. ड्रायव्हरकडून तिकीट घेतलं तर जवळजवळ दुप्पट पडतं, त्यापेक्षा मेट्रो स्टेशनवर नावेगांते कार्ड घ्या, कार्डाचे ५० सेंट, त्यात पैसे भरा, मेट्रो, ट्राम, बस, फेरी, लोकल सगळीकडे चालतं, पण माणशी एक लागतं, एका कार्डावर दोघं नाही जाऊ शकत. आणि ग्लोरियाची ती उतारावरची पिवळी फ्युनिक्युलर (केबलने ओढली जाणारी ट्राम), तिचा सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली, त्यानंतर बाकीच्याही तपासणीसाठी थांबवल्या होत्या, म्हणून प्लॅनमध्ये फ्युनिक्युलर धरली असेल तर चालू आहे का ते आधी बघा.

खाण्याचं. टेबलावर बसलात की न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं, हात लावला की बिलात. नको असेल तर हसून "नाऊं, ओब्रिगादा" म्हणा (पुरुषांनी ओब्रिगादो), उचलून नेतात, कोणी वाईट मानत नाही. कॅफेत काचेमागे समोसे दिसतील, नावही शामुसा, आणि आपण हरखून जातो, पण आत बहुतेक वेळा बीफ नाहीतर चिकन असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. काल्दो व्हेर्दे नावाचं हिरवं सूप शाकाहारी दिसतं, त्यातही सॉसेजचा तुकडा असतो. पक्के शाकाहारी असाल तर लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, रस्त्याचं नावच महात्मा गांधी, तिथे गुजराती पद्धतीचं जेवण मिळतं, वेळ आधी विचारून जा. आम्ही मासेखाऊ, त्यामुळे आमची चंगळ. फक्त खारवलेला कॉड, बाकाल्याव, त्यावर सगळं शहर जीव टाकतं आणि मला तो सुक्या बोंबलापुढे काहीच वाटला नाही, हे मी तिथे कोणाला बोलले नाही. एका रात्री मोरारियातल्या छोट्या गोवन खानावळीत जेवलो, शाकुती आणि शेवटी बेबिंका, बुकिंग करूनच जावं लागतं कारण टेबलं मोजकी.

जवळच्या डोंगरातल्या सिंत्रा गावाला एक अख्खा दिवस द्या, रोसियू स्टेशनवरून लोकल. पेना राजवाड्याचं तिकीट वेळेचं असतं आणि ती वेळ राजवाड्याच्या दाराशी पोचायची आहे, बागेच्या गेटची नाही, गेटपासून वर चढायला अर्धा तास धरा. दोनच गोष्टी करा, पेना आणि रेगालेइराच्या बागेतली ती उलटी विहीर (जमिनीत खाली उतरणारा गोल जिना), तिसरी घुसवलीत तर दिवस बसच्या रांगेत जाईल. वर धुकं आणि गारवा असतो, लिस्बनला ऊन असलं तरी जॅकेट न्या.

रोसियू आणि नदीकाठच्या चौकात गॉगल विकणारे लोक हळूच "हशीश" विचारतात, दुर्लक्ष करून चालत राहा, मागे लागत नाहीत. नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटल्या विकत घेऊ नका. संध्याकाळ मोकळी असेल तर काइश दो सोद्रेहून कासिल्यासची फेरी घ्या, दहा मिनिटांचा प्रवास, त्याच कार्डावर, आणि पलीकडच्या काठावरून सूर्यास्ताला सगळं लिस्बन समोर. क्रूझवाले याच पाण्यावर कितीतरी पट पैसे घेतात.

परत येताना विमानतळावर तीन तास आधी पोचा. आपल्या पासपोर्टला आता बोटांचे ठसे आणि फोटोची नवीन पद्धत सुरू झालीय, रांग कधी किती होईल सांगता येत नाही, आणि सिक्युरिटीनंतर पासपोर्ट कंट्रोल वेगळं असतं, त्यामुळे ड्युटी फ्रीमध्ये टार्टचे डबे घ्यायचे असतील तरी आधी गेटच्या दिशेचे बोर्ड बघून ठेवा.