ओली झोळी

प्रयोगशाळेच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा, म्हणून मी कायम त्याच बाकावर. विज्ञानाच्या सरांना ते ठाऊक होतं. "किल्ला कुठं पळून जात नाही, काटा बघ," म्हणायचे. ताणकाट्याला काही अडकवण्याआधी शून्य बघायचं, आणि दर वेळी बघायचं. आकडा चुकला तर गिरवागिरव नाही. एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. दहावीला विज्ञानात मला ५४ मार्क होते, तेव्हा शाळेच्या स्मरणिकेत लिहायला मलाच का गाठलं, संपादकच जाणोत.

पुढं मी नर्स झाले. २०११ च्या श्रावणात बामणोलीहून लाँचने शिवसागरापलीकडच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयापलीकडच्या, कातकरी वस्तीवर पोरं तपासायला गेले होते. दहा-बारा खोपटी. खैराचा कात काढणारे ते कातकरी. आता कात कसला, दिवाळी झाली की कोळशाच्या भट्ट्यांवर जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. त्यामुळं वजनाच्या रजिस्टरात निम्मं वर्ष कोरं.

एका खोपटात ११ महिन्यांचा मुलगा तापानं फणफणलेला. वाशाला काटा टांगला, पोराला झोळीत घातलं. त्यानं असं भोकाड पसरलं की श्वास मोजणं सोडाच. वजन ७ किलो. या वयाच्या मुलग्याला ६.८ च्या खाली तीव्र कमी वजन धरतात, म्हणजे हा वरच्या रकान्यात. तापाचं औषध दिलं, निघाले.

लाँच सुटल्यावर झोळी पिळायला घेतली आणि पाण्याची धारच लागली. काटा सकाळी उपकेंद्रात शून्यावर आणलेला, कोरडी झोळी लावून!

"काका, लाँच फिरवा."

"सिस्टर, धुकं उतरलंय. काय राहिलं?"

"वजन राहिलं."

ते काय पुटपुटले ते इथं छापण्यासारखं नाही. पण फिरवली.

पिळलेली झोळी अडकवून आधी शून्य केलं. ६.७. पण खरं दिसलं ते त्याआधीच. पोर आता आईच्या मांडीवर गप्प पडलेलं आणि त्याचं पोट उडत होतं. घड्याळ लावून पुरता मिनिटभर श्वास मोजले: ५८. या वयाला ५० म्हणजेच न्यूमोनियाची शंका. "सकाळधरनं दूध वढंना, बाई," आई आत्ता म्हणाली. मीही सकाळी विचारलं नव्हतं. धाकट्याला घोंगडीत गुंडाळून, थोरल्या दोघांना शेजारणीकडं सोपवून ती लाँचमध्ये बसली. बामणोलीहून जीप, कासच्या घाटानं रात्री सातारा. दहा दिवसांनी मायलेकरं परतली.

मागच्या दिवाळीत सरांना भेटले, तेव्हा हे सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली.

"रजिस्टरातला सातचा आकडा खोडलास कसा?"

"एक आडवी रेघ, सर. वाचता येईल अशी."