खुब्याच्या फ्रॅक्चरनंतरचं जगणं मोजायचं तर

खुब्याचं हाड जुळलं की नाही ते एक्स-रे सांगतो. गोव्यातल्या डिचोलीची आजी रात्री एकटी न्हाणीघरात जाते का, तुळशीला पाणी घालते का, हे त्यात दिसत नाही. ते विचारावंच लागतं, आणि दरवेळी एकाच पद्धतीने.

त्यासाठी आमची पहिली पसंती ईक्यू-५डी-५एल या प्रश्नावलीला. हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामं, वेदना, चिंता-उदासी हे पाच विषय, प्रत्येकाला पाच पातळ्या, शिवाय आजची तब्येत दाखवायला ० ते १०० ची उभी पट्टी. उत्तर ३२४३१ असं येतं, म्हणजे प्रत्येक विषयाच्या पातळीचा एकेक आकडा. या आकड्यांची बेरीज करायची नसते. मूल्यसंच, म्हणजे कोणती अवस्था लोकांना किती बरी-वाईट वाटते याचा तक्ता, वापरून त्याचा निर्देशांक, म्हणजे एकच आकडा, काढतात. भारतीय मूल्यसंच २०२२ साली प्रसिद्ध झाला आहे, तोच घ्यावा. १ म्हणजे पूर्ण आरोग्य, ० म्हणजे मृत्यूइतकी अवस्था, आणि काही अवस्था शून्याच्याही खाली जातात.

प्रश्न छापलेत तसेच वाचावेत. ‘काय आजी, आता बरं आहे ना?’ असं विचारलं की आजी डॉक्टरांचं मन राखायला ‘होय रे बाबा’ म्हणणारच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आधीच्या स्थितीचा. प्रश्नावली ‘आज’चं विचारते, आणि आज तर रुग्ण वॉर्डात आडवा आहे. म्हणून दुखणं आटोक्यात आल्यावर, भान नीट असताना, पडण्यापूर्वीची स्थिती वेगळ्या फॉर्मवर भरून घ्यावी. आठवण थोडी गोड होते हे खरं, तरी हा फॉर्म हवाच. नाहीतर आधीपासून काठी धरून चालणारे आजोबा वर्षानंतरही काठीवरच दिसले की शस्त्रक्रिया फसली असा अर्थ निघतो.

पुढची मोजणी चार महिन्यांनी आणि वर्षाने. बहुतेक सुधारणा पहिल्या चार महिन्यांतच होते. मात्र ही मोजणी फक्त बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत करू नये. तिथवर येतात ते चालू शकणारे. सत्तरी तालुक्यात घरी अंथरुणाला खिळलेली बाई येत नाही, आणि सरासरी फुकट चांगली दिसते. फोन करावा, फोन लागला नाही तर घरी जावं. रुग्ण दगावला असेल तर त्याला यादीतून वगळू नये. त्या तारखेपासून निर्देशांक ० धरावा.

स्मृतिभ्रंश असेल तर घरच्यांना विचारावं लागतं. इथे दोन वेगळे फॉर्म आहेत: एकात सुनेला स्वतःला काय वाटतं ते, दुसऱ्यात सासूबाईंनी काय उत्तर दिलं असतं ते. दोन्हींची सरमिसळ नको. आणि पहिल्यांदा सुनेने सांगितलं असेल तर चार महिन्यांनी मुलाला विचारू नये. घरची माणसं बहुधा रुग्णापेक्षा वाईटच चित्र सांगतात, त्यामुळे सांगणारा बदलला की आकडाही हलतो.

बरेच जण हॅरिस हिप स्कोअरवर, म्हणजे खुब्याला गुण देण्याच्या जुन्या पद्धतीवर, भागवतात. त्याच्या १०० पैकी ४४ गुण वेदनेचे. मनाच्या अवस्थेला एकही नाही. पुन्हा पडण्याच्या धास्तीने पडवीची पायरी न उतरणारी बाई त्यात निसटते. बूट-मोजे घालण्याला ४ गुण आहेत, आणि आपली आजी जन्मभर चपलेवर. पाटावर बसून जेवणं किंवा कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसची उंच पायरी चढणं विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण ती उत्तरं वेगळ्या रकान्यात ठेवा. मूळ गुणांत मिसळलीत, तर तो आकडा दुसऱ्या कुठल्याच रुग्णालयाच्या आकड्याशी ताडून पाहता येणार नाही.