दोन किलिअन आणि चार कोंबड्या: ऑल्बनीत व्हॅन रेन्सेलर घराण्याचा शोध

न्यूयॉर्कहून ऑल्बनीला जाणाऱ्या आगगाडीत डाव्या बाजूची खिडकी मिळाली, तर जवळजवळ अडीच तास हडसन नदी सोबत करते. ऑल्बनीच्या आसपास नदीच्या दोन्ही तीरांवरची जमीन एके काळी एकाच घराण्याकडे होती. ती मिळवणारा किलिअन व्हॅन रेन्सेलर हा ॲमस्टरडॅमचा जवाहिऱ्या. डच वेस्ट इंडिया कंपनीने १६२९ साली वसाहत वसवणाऱ्यांना ‘पॅट्रून’ म्हणजे जमीनदार हा दर्जा देऊ केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या माणसांनी मोहिकन या स्थानिक मूलनिवासी लोकांकडून फोर्ट ऑरेंज या, आजच्या ऑल्बनीच्या जागी असलेल्या, डच किल्ल्याच्या परिसरातील जमिनी खरेदी केल्या. स्वतः किलिअनने मात्र अमेरिकेत कधीच पाऊल ठेवले नाही. सारा कारभार त्याने पत्रांवर चालवला. त्यामुळे या घराण्याचा माग घेणाऱ्याने वाडे नंतर पाहावेत आणि आधी कागदपत्रे वाचावीत, असे माझे मत आहे.

मी स्वतः याच्या उलट वागलो. पहिला दिवस पूर्व तीरावरच्या रेन्सेलर गावातील क्रेलो या जुन्या घरात गेला. ऑल्बनीचे रेल्वे स्टेशनही याच गावात असल्याने ते सोयीचे पडते. तेथील संग्रहालयात वसाहतकाळातील डच राहणी चांगली समजते. पण कोण कोणाचा मुलगा, हा माझा गुंता काही सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑल्बनीतील मॅडिसन ॲव्हेन्यूवरील न्यूयॉर्क राज्य ग्रंथालयात गेलो. हस्तलिखिते पाहायची असतील तर काही दिवस आधी कळवून वेळ ठरवावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पेन्सिलच न्यावी, कारण तेथे शाईचे पेन चालत नाही. १९११ साली हे ग्रंथालय कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या, इमारतीत असताना मोठी आग लागली आणि जमीनदारीच्या दप्तरालाही तिची झळ पोहोचली. समोर आलेल्या एका पानाची कड तपकिरी होऊन कुरतडल्यासारखी झाली होती आणि प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन-तीन शब्द गेलेले होते. सतराव्या शतकातील डच लिपी वाचता येत नसेल, तर मूळ कागदाचा हट्ट धरू नये. ए. जे. एफ. व्हॅन लार या अभिलेखपालांनी १९०८ सालापासून या घराण्याचा पत्रव्यवहार इंग्रजीत आणला आहे. किलिअनचा मुलगा येरेमिअस आणि सून मारिया यांची पत्रेही त्यात आहेत. नवऱ्याच्या पश्चात जमीनदारी सांभाळणाऱ्या मारियाची पत्रे मला सर्वांत जिवंत वाटली.

माझा अर्धा दिवस एका चुकीत गेला. १६८५ साली इंग्रज गव्हर्नरने जमीनदारीची सनद दिली ती किलिअन व्हॅन रेन्सेलरला, असे मी टिपून ठेवले होते. प्रत्यक्षात सनदेत दोन किलिअन आहेत, एक योहानेसचा मुलगा आणि दुसरा योहानेसचा सावत्र भाऊ येरेमिअस याचा, म्हणजे चुलतभाऊ. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आपल्याकडेही असल्याने मी सावध असायला हवे होते. येथे वडिलांच्या नावाशिवाय एकही नोंद उतरवू नये. सामान्य वसाहतकऱ्यांना तर बहुधा आडनावच नसे. ‘यान्स’ म्हणजे यानचा मुलगा, एवढ्यावर भागे. बायकांच्या नोंदी लग्नानंतरही माहेरच्या नावाने सापडतात. शिवाय इंग्रजी अमलात १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्चमधील तारखांचे साल दोनदा पडताळावे.

कुळांचे करार मात्र सवडीने वाचावेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिसऱ्या स्टीफन व्हॅन रेन्सेलरने कायमस्वरूपी पट्ट्याने जमिनी दिल्या, तेव्हा वार्षिक खंडात ठरावीक गहू, चार पुष्ट कोंबड्या आणि बैल-गाडीसह एक दिवसाची बिगारी येत असे. कोकणातल्या खोतीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचताना परके वाटत नाही. १८३९ साली स्टीफन वारला, वारसांनी थकबाकीचा तगादा लावला आणि हेल्डरबर्गच्या टेकड्यांतील कुळांनी बंड केले. ते पुढे इतके पसरले की १८४६ च्या राज्यघटनेने सरंजामी जमीनधारणा बंद करून शेतजमिनीच्या पट्ट्याला बारा वर्षांची मर्यादा घातली. घराण्याच्या वंशावळीत या कुळांची नावे नाहीत, आणि घराण्याने गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी माणसांचीही नाहीत. ती हिशेबाच्या वह्यांत आणि मृत्युपत्रांत शोधावी लागतात.

तिसरा दिवस हाताशी असेल तर सकाळी चेरी हिल पाहावे. १७८७ साली फिलिप व्हॅन रेन्सेलरसाठी बांधलेल्या या घरात एकाच कुटुंबाच्या पाच पिढ्या १९६३ पर्यंत राहिल्या. अशा जुन्या घरांच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आधी चौकशी करावी. दुपारी मेनँड्स येथील ऑल्बनी रूरल सेमेटरीत जावे; तेथे स्टीफनची कबर आहे. आवार अवाढव्य आणि चढउताराचे असल्याने दफनभूमीचा नकाशा घेतल्याशिवाय आत शिरू नये.

पॅट्रूनचा मुख्य वाडा शोधत मात्र ऑल्बनीत फिरू नये, कारण तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला. त्याचे प्रवेशदालन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभे केलेले आहे. परतताना ते पाहिले. त्या दालनाच्या मापाने इंग्लंडमध्ये रंगवून घेतलेला भिंतींवरचा कागद अजून शाबूत आहे.